बत्तीसचं रिव्हॉल्व्हर अडतंय? बिघाड कसा ओळखायचा आणि आपला हात कुठे थांबवायचा

निवडणुकीची आचारसंहिता उठली की पोलीस ठाण्यात जमा केलेली परवान्याची शस्त्रं घरोघरी परत येतात. कित्येक आठवडे ती मुद्देमालाच्या खोलीत पडून असतात, तीही बहुतेक चामड्याच्या कव्हरातच. मग पहिल्यांदा उघडून बघितलं तर काडतुसं बसतात तो गोल सिलिंडर जड फिरतो, चाप ओढल्यावर सावकाश परत येतो, काडतुसावर मार देणारा घोडा मागे चढवताना करकर वाजतं. मालक घाबरतो आणि 'खराब झालं' म्हणतो. अशी बहुतेक रिव्हॉल्व्हरं खराब झालेली नसतात. तेल गोठलेलं असतं, काजळी साचलेली असते, नाहीतर दोष काडतुसाचा असतो. उरलेल्या थोड्यांमध्ये मात्र भाग खरोखर झिजलेला असतो, आणि तिथे घरगुती प्रयोग जिवावर बेतू शकतो. हे दोन गट वेगळे करता यावेत म्हणून हा लेख आहे.

आपल्याकडे परवानाधारकांकडे सर्वाधिक दिसतं ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं, सहा बारांचं रिव्हॉल्व्हर. ते वेब्लीच्या घडणीवर बेतलेलं आहे. वरची कडी दाबून नळी खाली पाडली की ते बिजागरीवर उघडतं आणि पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी आवरणं, आपोआप वर उचलल्या जातात. २०१४ साली आलेलं हलकं 'निर्भीक' याच घराण्यातलं. २०२३ मधलं 'प्रबळ' आणि जुनी परदेशी स्मिथ अँड वेसन किंवा कोल्ट यांचा सिलिंडर मात्र बाजूला झुलतो. दोन्ही प्रकारांचे आजार बरेचसे सारखे आहेत. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

हात लावण्याआधी

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. तेव्हा घरी करायचं ते एवढंच: तपासणी, सफाई आणि तेलपाणी. स्प्रिंग बदलणं, कानस मारणं, बाजूची पट्टी उघडून आतली यंत्रणा काढणं ही कामं परवानाधारक गनस्मिथची, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराची.

रिव्हॉल्व्हर रिकामं करा. सिलिंडरमधली सहाही घरं, म्हणजे काडतुसं बसायची भोकं, डोळ्यांनी बघा, मग करंगळीचं टोक प्रत्येक घरात घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवून या. ज्या टेबलावर तपासणी चालू आहे तिथे एकही जिवंत काडतूस नको. नळीचं तोंड जाड भिंतीकडे, घरातली माणसं त्या बाजूला नाहीत याची खात्री केलेली. फोन आला, कुणी दार वाजवलं, मध्ये उठावं लागलं, तर परत बसताना पुन्हा सहा घरं मोजायची. हे कंटाळवाणं वाटतं, पण घरातले बरेच अपघात 'रिकामं आहे' असं समजलेल्या शस्त्राने होतात.

चाप ओढून तपासायचं असेल तर सिलिंडरच्या घरांत डमी, म्हणजे नकली काडतुसं घाला, म्हणजे फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या टोकाला) मऊ जागा मिळते. डमी विकत घ्यायची. खऱ्या काडतुसातली दारू काढून घरी बनवायची नाही.

सिलिंडर अडतो किंवा जड फिरतो

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. कारणं शोधण्याचा एक क्रम आहे, आणि तो सोडून उड्या मारल्या की वेळ वाया जातो.

आधी स्टार बघा. नळी पाडल्यावर सिलिंडरच्या मागून जी चांदणीसारखी पट्टी वर येते आणि पुंगळ्या उचलते, ती. तिच्या खालची जागा काजळीचं घरच असते. न जळलेल्या दारूचे दोन-चार कण तिथे अडकले तरी स्टार पूर्ण खाली बसत नाही. तो केसभर वर राहिला की काडतुसांचे बूड मागच्या भिंतीला घासतात आणि सिलिंडर दोन-तीन घरांवर अडतो. स्टार पूर्ण वर उचलून धरा, रिव्हॉल्व्हर पालथं करा म्हणजे कचरा आत न जाता खाली पडेल, आणि कोरड्या टूथब्रशने खालची बाजू व खोबणी घासा. इथे तेल ओतू नका. ओल्या जागेवर पुढच्या सहा बारांची काजळी दुप्पट चिकटते. जड सिलिंडरांचं दुखणं पुष्कळदा या दहा मिनिटांतच संपतं.

नळी पाडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं एक खास दुखणं याच जागी आहे. रिव्हॉल्व्हर हळूहळू उघडलं की एखादी पुंगळी स्टारवरून निसटते आणि स्टार खाली बसताना त्याच्याखाली सापडते. मग रिव्हॉल्व्हर बंदच होत नाही. जोर लावून मिटायला गेलात तर स्टारचा दांडा वाकेल. परत पूर्ण उघडा, स्टार बोटांनी जेवढा वर येईल तेवढा उचला, आणि अडकलेली पुंगळी नखाने किंवा लाकडी काडीने बाहेर ढकला. पुढच्या वेळी एकाच सलग, ठाम हालचालीत पूर्ण उघडा.

स्टार साफ आहे, तरी अडतंय? रिकाम्या सिलिंडरने फिरवून बघा. रिकामा मोकळा फिरतो आणि भरल्यावरच अडतो, तर दोष काडतुसात आहे. काडतुसं सपाट काचेवर उभी करा. एखादं डुगडुगत असेल तर त्याच्या बुडाची टोपी, म्हणजे प्रायमर, बाहेर आलेली आहे. ते बाजूला काढा. गोळी पुंगळीतून पुढे सरकली आहे का तेही बघा: सगळ्या काडतुसांची उंची एका ओळीत दिसायला हवी. जे उंच दिसेल ते वापरायचं नाही, ठोकून आत बसवायचं तर मुळीच नाही. असं काडतूस विक्रेत्याला परत द्या.

रिकामा सिलिंडरही घासतोय? मग सिलिंडरचं पुढचं तोंड आणि नळीचं बूड यांच्यामधली फट बघा. मागे पांढरा कागद किंवा खिडकीचा उजेड धरला की प्रकाशाची बारीक रेघ दिसली पाहिजे. ही फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असते. मोटारसायकलच्या टॅपेटसाठी मेकॅनिक जी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरतो तीच इथे चालते. प्रकाश एका बाजूला दिसतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर शिशाचा थर बसलेला असतो. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट (मळ सोडवणारा द्रव) लावून तो निघतो. चाकू, ब्लेड, पॉलिश पेपर लावू नका. फट वाढली तर कमी करणं घरचं काम नाही, आणि वाढलेल्या फटीतून गरम वायू व शिशाचे कण बाजूला उडतात.

सिलिंडर बाजूला झुलणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक कारण असतं: पुंगळ्या ढकलणारा दांडा आटे सुटून पुढे येतो आणि सिलिंडर बाहेरच निघेना होतो. दांड्याला बोटाने हलकेच पीळ देऊन बघा. अनेक स्मिथ अँड वेसनमध्ये हे आटे उलटे असतात, म्हणून पक्कड लावून 'घट्ट' करायला जाणं म्हणजे सोडवणं किंवा मोडणं. बोटाने बसला तर ठीक, नाहीतर दुकान. आणि सिनेमातल्यासारखा मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करायची सवय असेल तर ती आजच सोडा. ज्या बिजागरीच्या हातावर सिलिंडर झुलतो तो हात त्या झटक्यांनी वाकतो, आणि मग सहापैकी काही घरं नळीच्या समोर नीट येतच नाहीत.

एक परिस्थिती वेगळी ठेवतो. सिलिंडर अडलाय, आत जिवंत काडतुसं आहेत आणि रिव्हॉल्व्हर उघडतच नाही. लाकडाने ठोकणं, दारात अडकवून ओढणं, मित्राला बोलावून जोर लावणं, यातलं काहीही करू नका. चापावरून बोट काढा, घोडा चढलेला असेल तर त्याच्याशी झटापट करू नका, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून ते खाली ठेवा. त्या खोलीत कुणाला जाऊ देऊ नका आणि परवानाधारक गनस्मिथला फोन करा.

टिक होतं, बार उडत नाही

नेमबाजीच्या रेंजवर चाप ओढला, टिक आवाज आला आणि काहीच झालं नाही. इथे रिव्हॉल्व्हरची सवय माणसाला फसवते. 'पुन्हा चाप ओढ, पुढचं काडतूस येईल' असं सगळे सांगतात. पण कधीकधी दारू उशिरा पेटते. तुम्ही पुन्हा चाप ओढलात तर ते काडतूस आपल्या घरासकट नळीसमोरून बाजूला सरकलेलं असतं, आणि तिथे उडालं तर गोळीला बाहेर पडायला वाटच नसते. म्हणून तोंड लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. मग उघडा आणि ते काडतूस वेगळं ठेवा.

त्याहून घातक आहे फुसका बार. 'ठो' ऐवजी 'फुस्स' झालं, झटका नेहमीपेक्षा कमी लागला, की तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, किंवा अर्धी सिलिंडरमध्ये आणि अर्धी नळीत राहून सिलिंडर कुलूपबंद झालेला असतो. मागून दुसरी गोळी आली की नळी फुगते किंवा फाटते. रिव्हॉल्व्हर रिकामं केल्याशिवाय आणि नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचा बार नाही. अडकलेली गोळी लोखंडी सळईने ठोकून काढू नका, नळीतले गोळीला पीळ देणारे आटे कायमचे खराब होतात. ते काम दुकानाचं.

आता न उडालेल्या काडतुसाचं बूड उजेडात, जमल्यास भिंगाखाली धरा. टोपीवरचा खळगा पुष्कळ काही सांगतो. खळगा खोल, गोल, मधोमध असेल तर रिव्हॉल्व्हरने आपलं काम केलं आहे, काडतूस निकामी आहे. खळगा उथळ असेल तर घोड्याचा मार कमी पडतोय. खळगा कडेला असेल तर घर नळीसमोर नीट आलं नव्हतं. तेच काडतूस दुसऱ्या प्रयत्नात उडत असेल, तर बहुधा टोपी पूर्ण बसलेली नव्हती आणि पहिल्या ठोक्याने ती फक्त आत गेली. न उडालेल्या प्रत्येक काडतुसाचा असा निकाल लावून वहीत लिहून ठेवा. गनस्मिथला 'कधीकधी उडत नाही' यापेक्षा 'तीन वेळा, तिन्हीदा खळगा उथळ' हे ऐकून निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

काडतूस निकामी होण्याचं मोठं कारण आपण स्वतःच पुरवतो, ते म्हणजे तेल. रिव्हॉल्व्हरला तेल चोपडून, तसंच भरून कपाटात ठेवलं की पातळ तेल टोपीच्या कडेने झिरपून आतला स्फोटक थर मारू शकतं. गंज सोडवायचे फवारे यात सर्वांत वाईट, कारण ते झिरपण्यासाठीच बनवलेले असतात. घरांच्या आतली बाजू कायम कोरडी ठेवा. चामड्याच्या पट्ट्याच्या खोळीत महिनोन् महिने राहिलेल्या पितळी पुंगळ्यांवर हिरवट थर चढतो, तशी काडतुसंही बाजूला काढा. .३२ ची काडतुसं आपल्याकडे पुण्याच्या खडकी कारखान्यातली येतात, त्यांच्या बुडावर 'केएफ' अक्षरं असतात. खरेदीची तारीख डब्यावर लिहा आणि रेंजवर जाताना जुनी आधी वापरा.

खळगा उथळ येत असेल तर पहिला संशय गोठलेल्या तेलावर. घरात उपलब्ध म्हणून लोक खोबरेल लावतात. थंडीत ते थिजतं, उन्हाळ्यात धूळ धरतं आणि वर्षभराने चिकट राळ होते. घोडा त्या राळेतून खाली येतो, मग मार कसा बसणार? घोड्याभोवतीची फट सॉल्व्हंटच्या थेंबांनी धुवा, पुसा, आणि शिलाई मशिनचं किंवा बंदुकीचं पातळ तेल फक्त एक थेंब द्या. मुठीच्या लाकडी पट्ट्या हौसेने बदलल्या असतील तर त्या आतून स्प्रिंगला किंवा घोड्याला घासत नाहीत ना, तेही बघा. काही परदेशी मॉडेलमध्ये मुठीच्या पुढच्या बाजूला मुख्य स्प्रिंगला ताण देणारा स्क्रू असतो, तो सैल झाला तरी मार कमी होतो.

हे सगळं ठीक असूनही खळगा उथळच, तर स्प्रिंग थकली आहे, फायरिंग पिनचं टोक झिजलंय, किंवा सिलिंडर पुढे-मागे जास्त हलतोय. तिन्ही कामं गनस्मिथची. चाप हलका करायला स्प्रिंग कापून घेण्याची फॅशन काही जण करतात. तसं रिव्हॉल्व्हर हातात छान लागतं, पण नेमक्या वेळी टिक करतं.

घर नळीसमोर वेळेवर येतंय का

चाप ओढल्यावर आतला पंजा सिलिंडर फिरवतो, खालून एक खुंटी वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसते, आणि मगच घोडा पडला पाहिजे. हा क्रम चुकला की गोळी नळीच्या काठावर घासून शिरते. शेजारी उभ्या माणसाच्या हातावर शिशाचे कण टोचले, तर हेच कारण असण्याची दाट शक्यता.

तपासायची रीत अशी. सहाही घरांत डमी घाला. डाव्या अंगठ्याने सिलिंडरवर अगदी हलका अडथळा द्या आणि उजव्या अंगठ्याने घोडा अत्यंत सावकाश चढवा. घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा चढता चढता 'टक' असा खुंटी बसल्याचा आवाज आणि स्पर्श आला पाहिजे. घोडा चढून थांबला आणि सिलिंडर अजून बोटाने पुढे सरकतोय, तर ते घर उशिरा येतंय. हे सहाही घरांवर वेगवेगळं करायचं. पाच नीट आणि एकच उशिरा, असं असेल तर स्टारवरचा तो दात झिजलेला असतो. सगळीच उशिरा असतील तर पंजा झिजलाय. कोणतंही घर उशिरा येत असेल तर दुरुस्तीपर्यंत बार काढायचा नाही.

मग चाप मागे ओढून धरलेला असतानाच सिलिंडर हलवा. डावी-उजवीकडे केसभर हालचाल चालते. पुढे-मागे खटखट जाणवली तर दाखवून घ्या. नळी पाडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक: बंद करून एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने नळी धरून वर-खाली हलवा. वरच्या कडीपाशी खेळ जाणवला, तर कडी किंवा बिजागरीची खीळ झिजली आहे. बार उडण्याचा सगळा ताण या दोन जागांवर येतो. असं रिव्हॉल्व्हर वापरू नका.

घोडा टिकत नाही, चाप परत येत नाही

रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवा, चापाला हात न लावता घोड्याला मागून अंगठ्याने बेताचा दाब द्या. घोडा सुटून पडला तर विषय संपला. आतली पकड झिजलीय, आणि भरलेल्या अवस्थेत नुसत्या धक्क्याने बार उडू शकतो. बहुतेकदा कुणीतरी 'चाप मऊ करून देतो' म्हणून तिथे कानस फिरवलेली असते. चाप ओढल्यावर परत येत नसेल तर आधी सफाई करून बघा. तरीही लोळत राहिला तर परतीची स्प्रिंग तुटलेली किंवा गंजलेली असणार.

पुंगळ्या निघायला जड जात असतील तर घरं पितळी ब्रशने साफ करा. सफाईनंतरही प्रत्येक वेळी तेच एक घर अडत असेल तर त्यात गंजाचा खड्डा पडलेला असतो.

पावसाळा आणि साठवण

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, मुंबई इथे जून ते सप्टेंबर हा काळ लोखंडाचा वैरी आहे. चामड्याची खोळ फक्त अंगावर बाळगण्यासाठी. तिच्यात साठवण करायची नाही, चामडं ओल धरतं आणि त्यातले क्षार धातू खातात. तेलाचा पातळ हात फिरवून, सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलूपबंद कपाटात ठेवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला काढून बघा. पोलीस ठाण्यात जमा करण्याआधी नीट साफ करून तेलाचा हात द्या, खोळीऐवजी तेलकट कापडात गुंडाळा, आणि पावतीवरचा क्रमांक शस्त्रावरच्या क्रमांकाशी ताडून घ्या. गंज काढताना त्या क्रमांकावर पॉलिश पेपर फिरला आणि अंक पुसट झाले तर तो गंभीर गुन्ह्याचा विषय होतो. त्या जागेला नुसतं तेल आणि मऊ कापड.

दुकानात नेताना

विक्रेत्याच्या परवान्यात दुरुस्तीची मुभा आहे का ते आधी विचारा, सगळ्यांकडे ती नसते. कायद्यात मालकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या माणसाकरवी दुरुस्तीला पाठवण्याची सोय आहे, पण स्वतः जा, कारण लक्षणं तुम्हालाच सांगता येतील. मूळ परवाना सोबत, रिव्हॉल्व्हर रिकामं, बंद पेटीत. न उडालेली काडतुसं आणली तर वेगळ्या डब्यात, आणि ती आणतोय हे फोनवर आधी सांगून. काही जण गावाकडच्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे जातात. तो कितीही कुशल असला तरी परवान्याशिवाय शस्त्र हाती घेतलं की तो आणि तुम्ही, दोघंही गुन्ह्यात अडकता.

दुरुस्तीनंतर दुकानातच, रिकाम्या अवस्थेत, वर सांगितलेली सहा घरांची तपासणी करून दाखवायला सांगा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. प्रत्यक्ष बार मान्यताप्राप्त रेंजवरच काढून बघायचा. शेतात, गच्चीवर, लग्नाच्या वरातीत नाही. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रेंजवर पहिल्या वेळी एकच काडतूस भरा, मग दोन, मग सहा, आणि प्रत्येक पुंगळीच्या बुडावरचा खळगा बघत जा. बिलावर शस्त्राचा क्रमांक, बदललेल्या भागाचं नाव आणि तारीख लिहून घ्या, आणि ते बिल परवान्याच्या फाइलमध्येच लावा.